जपानी भयपट नव्याने बघताय? 'रिंगू'पासून सुरुवात करा

स्वागत! लांबलचक यादी सध्या बाजूला ठेवा. आधी हिदेओ नाकाता यांचा १९९८चा 'रिंगू' बघा.

नवख्यांच्या हातून हमखास होणाऱ्या चुका दोन:
- २००२चा अमेरिकी 'द रिंग' आधी बघणं. तोही चांगला आहे, पण रहस्य तिथेच फुटतं.
- दचकवणाऱ्या क्षणांची वाट बघत बसणं. इथे भीती हळूहळू चढते. डब नको, सबटायटल्स ठेवा, आणि मोबाइल कृपया दुसऱ्या खोलीत!

सादाको (या चित्रपटातलं भूत) विहिरीतून वर येते ते दृश्य मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. तिची चाल इतकी अंगावर येते, कारण अभिनेत्रीला मागे मागे चालवून चित्रण केलं आणि पडद्यावर ते उलटं दाखवलं. चेहरा झाकणारे मोकळे केस, पांढरे कपडे, हे रूप जपानी लोककथांतल्या आणि काबुकी या तिथल्या पारंपरिक नाट्यप्रकारातल्या भुतांचं. 'रिंगू'ने त्याला थेट घरातल्या टीव्हीत आणून बसवलं. त्यानंतर जगभरच्या भयपटांत ते दिसत राहिलं.

पुढे नाकातांचाच 'डार्क वॉटर' घ्या, मग 'जु-ऑन'. सीक्वेल आणि कोजी सुझुकींची मूळ कादंबरी सावकाश. बघून झालं की कुठला प्रसंग डोक्यातून जात नाही, ते नक्की कळवा.