झवेरी बाजारात काउंटरवर पहिल्यांदा बसतोयस म्हणून

रोख दोन लाख किंवा त्याहून जास्त एका गिऱ्हाइकाकडून एका दिवसात घ्यायचे नाहीत, हे तुला पहिल्याच दिवशी सांगतील. दंड घेतलेल्या रकमेइतकाच होतो. खरी परीक्षा पुढे आहे. कोणी म्हणेल, "बिल तीन नावांवर तोडा ना, दादा." तिथे नाही म्हण. गिऱ्हाईक गेलं तर जाऊ दे. मी सुरुवातीला एकदा भिडेपोटी तोडलं होतं, त्यानंतर कित्येक रात्री झोप नव्हती.

मनी लाँडरिंगचा, म्हणजे गुन्ह्याचा पैसा सरळमार्गी दाखवण्याविरुद्धचा, कायदा २००२ चा, लागू झाला १ जुलै २००५ला. गुन्ह्याचा पैसा आहे हे माहीत असून तो लपवायला किंवा वापरायला मदत केली, तरी तीन ते सात वर्षं सक्तमजुरी. जामीनही सहज मिळत नाही. गिऱ्हाइकाशी दहा लाख किंवा त्याहून जास्त रोखीचा व्यवहार केला, तर या कायद्याचे नियम आपल्या धंद्यालाही लागतात, रक्कम एकमेकांशी जोडलेल्या अनेक हप्त्यांत आली तरी. केवायसीचे कागद आणि व्यवहाराची नोंद किमान पाच वर्षं जपायची.

संशय आला तर शेठना सांग, गिऱ्हाइकाला अजिबात कळू देऊ नकोस. आणि स्वतःचं बँक खातं मित्रालासुद्धा "दोन दिवसांसाठी" देऊ नकोस. दुकानातली पोरं यातच अडकतात, रे.