डिंकाने चिकटवलेली दोन पाने

जगाचा इतिहास मुलांना घरीच, ख्रिस्ती दृष्टीने शिकवू पाहणारे पालक माझ्याकडे येतात, तेव्हा त्यांची काळजी बहुधा एकाच वाक्यात मावते: "ख्रिस्ती लोकांनी केलेली वाईट कामे मुलाला सांगितली, तर त्याचा विश्वास टिकेल का?" मराठवाड्यातल्या निरनिराळ्या मंडळ्यांमधल्या (म्हणजे चर्चमधल्या) कुटुंबांकडून हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे, की त्याचे उत्तर एका घराच्या अनुभवातून द्यावे असे मला वाटते. त्या कुटुंबाची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

हे कुटुंब लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते. वडील बँकेत आहेत, आई डी.एड. झालेली असून मुलासाठी तिने नोकरी सोडली, आणि आजी जालन्याकडची, म्हणजे ख्रिस्ती मिशनरी नारायण शेषाद्रींनी ज्या भागात बेथेलची वस्ती वसवली त्या भागातली. मुलगा सातवीत होता. शाळेच्या पुस्तकात त्या वर्षी प्रामुख्याने मराठ्यांचा इतिहास असल्याने जगाचा इतिहास आपणच शिकवावा, असे आईने ठरवले आणि शनिवारी दुपारी जेवणानंतर तासभर ती परदेशात छापलेल्या एका ख्रिस्ती पुस्तकातून मराठीत समजावून सांगू लागली. (काही पालक यासाठी मुलाला शाळेतूनच काढण्याचा विचार करतात. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा किंवा दहावी-बारावीला बाहेरून बसण्यासाठीच्या १७ नंबरच्या फॉर्मचा मार्ग आहे, पण केवळ इतिहासासाठी एवढे करण्याची गरज मला कधी वाटलेली नाही.)

दिवाळीच्या सुट्टीत शेजारच्या मुसलमान मित्राने सहज विचारले, "तुमच्या लोकांनी जेरुसलेम जिंकलं तेव्हा तिथल्या माणसांचं काय केलं, माहीत आहे का तुला?" मुलाला माहीत नव्हते. घरी येऊन त्याने पुस्तकात शोधले, तर पान १४५ उलटल्यावर एकदम १४८ लागले. मधली दोन पाने डिंकाने एकमेकांना चिकटवलेली होती. ती त्याने खिडकीशी उजेडात धरली, पण दोन्हीकडची अक्षरे एकमेकांवर चढलेली दिसल्याने काहीच वाचता आले नाही. कोणाला काही न बोलता त्याने पुस्तक जागेवर ठेवले. पुढच्या रविवारी त्याचे पोट दुखू लागले, त्याच्या पुढच्याही रविवारी दुखले. तिसऱ्या रविवारी संडे स्कूलला येणार नाही असे त्याने सरळच सांगितले, आणि संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेत सगळ्यांनी "आमेन" म्हटले तेव्हा तो गप्प राहिला.

आई मला भेटली तेव्हा म्हणाली, "मॅडम, मी खोटं काहीच शिकवलं नाही. फक्त तेवढं गाळलं. मोठा झाल्यावर कळलंच असतं की."

माझ्या हातून इथे एक चूक झाली. मी हा वयाचा आणि प्रमाणाचा प्रश्न समजले, आणि क्रुसेडची, म्हणजे जेरुसलेमसाठी ख्रिस्ती सैन्यांनी केलेल्या मध्ययुगीन धर्मयुद्धांची, माहिती द्या, पण तिच्याबरोबर ख्रिस्ती माणसांनी काढलेली रुग्णालये, शाळा आणि गुलामगिरीविरुद्धचा लढा हेही सांगा, म्हणजे तोल राहील, असा सल्ला दिला. आईने तो निष्ठेने पाळला. बँकवाल्याचे लेकरू ते. त्याने वडिलांच्या जुन्या डायरीत जमा आणि खर्च असे दोन रकाने आखले. खर्चाकडे १०९६ साली ऱ्हाईन नदीकाठच्या ज्यूंची झालेली कत्तल, १०९९ चे जेरुसलेम आणि १२०४ साली क्रुसेडवाल्यांनीच लुटलेले कॉन्स्टँटिनोपल हे ख्रिस्ती शहर मांडले. जमेकडे पंडिता रमाबाईंचे केडगावचे मुक्ती मिशन, ब्रिटिशांनी गुलामांच्या व्यापारावर घातलेली १८०७ सालची बंदी आणि गुलामगिरीच रद्द करणारा १८३३ चा कायदा आला. मग त्याला कुठेतरी वाचायला मिळाले, की या कायद्याने दोन कोटी पौंडांची भरपाई दिली ती गुलामांना नव्हे, गुलामांच्या मालकांना, आणि त्या मालकांत इंग्लंडच्या चर्चची मिशनरी संस्थाही होती, कारण बार्बाडोस बेटावरचा कॉड्रिंग्टन मळा तिच्या ताब्यात होता. डायरी माझ्यापुढे ठेवून त्याने विचारले, "मॅडम, ही रक्कम कोणत्या बाजूला मांडायची?"

मला उत्तर देता आले नाही. तोल राखण्याच्या नावाखाली मी त्या मुलाला आपल्या माणसांचा वकील व्हायला बसवले होते, आणि अशिलावरचा त्याचा भरवसा आधीच उडालेला होता.

वाट आजीने दाखवली. पुढच्या बैठकीला त्याही आल्या होत्या आणि बराच वेळ ऐकून घेतल्यावर सुनेला म्हणाल्या, "अगं, दावीदाची गोष्ट लेकरानं किती बारीक असताना ऐकलीय! ती कुणी झाकून ठेवली का?"

मग आम्ही सगळ्यांनी शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाचे अकरावे आणि बारावे अध्याय एकत्र वाचले. इस्राएलाचा सर्वांत लाडका राजा उरीयाच्या बायकोला जवळ करतो, उरीयाला लढाईच्या तोंडावर उभे करून मारवतो, आणि नाथान संदेष्टा दरबारात येऊन तो गुन्हा त्याच्या पदरात घालतो. हे लिहून ठेवणारे दावीदाचे शत्रू नव्हते, त्याचेच लोक होते. मत्तयाने येशूची वंशावळ देताना शलमोनाच्या आईला नावाने न ओळखवता उरीयाची बायको म्हटले, म्हणजे हजार वर्षांनंतरही ती गोष्ट मिटू दिली नाही. पेत्राने प्रभूला तीनदा नाकारले हे चारही शुभवर्तमानांत आहे. ख्रिस्ती दृष्टीने इतिहास शिकवायचा म्हणजे काय, हे मी आता या प्रसंगांवरून ठरवते: आपल्या बाजूचा माणूससुद्धा देवापुढे उत्तर द्यायला बांधील आहे असे धरून चालायचे, आणि पवित्र शास्त्राने जिथे आपल्या राजांची गय केली नाही तिथे आपण पोप, राजे आणि मिशनरी यांची करायची नाही. मुलांच्या वयाचा विचार जरूर करावा. मारले किती क्रूरपणे याचे वर्णन बारा वर्षांच्या मुलाला नको, पण मारले, कोणाला मारले आणि कोणाच्या नावाने मारले, एवढे त्याला कळायला हवे.

वडिलांना हे लगेच पटले नाही. "सगळे आपापलं झाकतात, मग आम्हीच का उघडं करायचं?" असे ते म्हणाले, आणि त्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. १७ सप्टेंबर १९४८ च्या, म्हणजे हैदराबाद मुक्तीच्या, आधीचे रझाकारांचे अत्याचार मराठवाड्यातल्या घराघरांत सांगितले जातात. त्यानंतरच्या दिवसांत मुसलमानांच्या ज्या कत्तली झाल्या आणि ज्यांची चौकशी करायला सुंदरलाल समिती आली, त्यांच्याविषयी फारच थोड्या घरांत कोणी बोलते. पण शेजारी झाकतो हे आपण झाकण्याचे कारण होऊ शकत नाही, हे त्यांना त्यांच्याच मुलाने पुढे दाखवून दिले.

शिकवण्याची पद्धत आम्ही नव्याने आखली. पहिली अडचण अगदी साधी निघाली. मराठी बायबलमधली नावे एक आणि इतिहासाच्या पुस्तकातली दुसरीच. कोरेश म्हणजेच सायरस, अश्शूर म्हणजे असिरिया आणि मिसर म्हणजे इजिप्त, हे मुलाला कोणी सांगितलेच नव्हते, त्यामुळे संडे स्कूलचे जग आणि इतिहासाचे जग त्याच्या मनात दोन वेगळ्या ग्रहांवर होते. आईने पडवीच्या भिंतीवर लांब कागद लावला, शंभर वर्षांना चार बोटे असे माप धरले, आणि प्रत्येक नाव दोन शाईंनी दोन तऱ्हेने लिहिले. इ.स.पू. ५३९ साली बाबेल (म्हणजे बॅबिलोन) जिंकणारा कोरेश यहूदी नसूनही यशया संदेष्टा त्याला देवाचा अभिषिक्त म्हणतो, हे त्या पट्टीवर लिहिताना मुलगा पहिल्यांदा आपणहून बोलू लागला.

परदेशी पुस्तकात जगाचा आरंभ इ.स.पू. ४००४ धरला होता. ते वर्ष बायबलमध्ये कुठेही छापलेले नाही, सतराव्या शतकात आर्चबिशप अशर यांनी वंशावळ्यांवरून काढलेला तो हिशेब आहे आणि सर्व ख्रिस्ती मंडळ्या तो मानत नाहीत, एवढे सांगून आम्ही पुढे गेलो. या मुद्द्यावर पालक जितका वेळ घालवतात तितका घालवण्यासारखे त्यात काही नाही.

खरा फरक पडला तो सन्हेरीबाच्या धड्याने. इ.स.पू. ७०१ मध्ये अश्शूरच्या या राजाने यहूदा राज्यावर स्वारी केली. त्याची हकिकत दोन्हीकडून उपलब्ध आहे: राजांच्या दुसऱ्या पुस्तकात, आणि खुद्द सन्हेरीबाने मातीच्या षट्कोनी स्तंभावर कोरून घेतलेल्या लेखात. आईने दोन्ही मजकूर शेजारी शेजारी लिहून दिले आणि मुलाला फक्त तुलना करायला सांगितली. बायबल म्हणते, यहूदाच्या हिज्कीया राजाने तीनशे किक्कार (हे वजनाचे जुने माप) रुपे आणि तीस किक्कार सोने खंडणी म्हणून दिले, आणि त्यासाठी मंदिराच्या दारांवरचे सोने खरवडून काढले. सन्हेरीबाच्या लेखात सोने तीसच आहे, चांदी मात्र आठशे. आपण सेहेचाळीस नगरे घेतली आणि हिज्कीयाला पिंजऱ्यातल्या पक्ष्यासारखे त्याच्या शहरात कोंडले, असेही तो सांगतो. मुलाने आधी आकडे पाहिले. "सोनं जुळतं, चांदी जुळत नाही," तो म्हणाला. चांदीचा फरक का पडला याची वेगवेगळी उत्तरे अभ्यासक देतात, असे आईने प्रामाणिकपणे सांगितले. थोड्या वेळाने त्याने पुन्हा लेख वाचला आणि म्हणाला, "कोंडलं म्हणतो, पण शहर घेतलं असं कुठंच नाही. घेता आलं नाही हे त्यानं लिहिलंच नाही. म्हणजे त्यानंही पान चिकटवलं."

त्या पानांविषयी घरात तोवर एक शब्दही निघालेला नव्हता. आई मला नंतर म्हणाली, की तिला जमिनीत गडप व्हावेसे वाटले. पण ती उठून गेली नाही. "मीही चिकटवलं बाळा, मी घाबरले होते," असे तिने त्याला सांगितले.

एक प्रश्न मुलाने नंतर काढला, तोही अस्सल होता: "हे सगळं तिकडं चाललं होतं तेव्हा आपण कुठं होतो?" परदेशी पुस्तकात भारत उगवत होता तो मिशनऱ्यांची जहाजे आल्यावरच. वडील एका रविवारी उपासनेनंतर सगळ्यांना धाराशिव जिल्ह्यातल्या तेर या गावी घेऊन गेले. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी वृत्तांतात पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे गाव सांगितले आहे, आणि तिथले जाडेभरडे कापड व मलमल भडोचच्या बंदराकडे जात असे, असे लिहिले आहे. ते तगर म्हणजेच हे तेर. तिथे सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती आणि इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलेल्या पॉम्पेईतली मूर्ती यांत साम्य आहे. पंतय पिलात यहूदियाचा सुभेदार होता त्याच शतकात आपल्या गावाकडचे कापड रोमी व्यापाराच्या वाटेला लागत होते, हे पट्टीवर लिहायला मुलाने हिरवी शाई निवडली.

चिकटवलेली पाने त्यांनी डिसेंबरात सोडवली. चहाच्या पातेल्याच्या वाफेवर पुस्तक धरून आई आणि मुलगा ती हळूहळू अलग करत होते, तरी १४७ व्या पानावरच्या काही ओळींचा कागद निघूनच आला. त्या ओळींत काय असेल, ते दोघांनी तालुक्याच्या वाचनालयातल्या इंग्रजी ज्ञानकोशातून शोधून वेगळ्या कागदावर लिहिले आणि तो कागद तिथे घातला. १०९५ साली पोप अर्बन दुसरे यांनी फ्रान्समधल्या क्लेरमाँला क्रुसेडसाठी दिलेली हाक, आणि १०९९ च्या जुलैत शहर पडल्यावर मुसलमान आणि ज्यू रहिवाशांची झालेली कत्तल. मुलाने तो कागद मित्रालाही नेऊन दाखवला. मित्र काय म्हणाला, हे त्याने घरी सांगितले नाही.

संडे स्कूलला तो आता बहुतेक रविवारी जातो. मागच्या बाकावर बसतो आणि शिक्षकांना अडचणीचे प्रश्न विचारतो, अशी पाळकसाहेबांची थोडी तक्रार आहे. आईचा परवा फोन आला होता. पट्टीवर आता सोळावे शतक लागले आहे, आणि गोव्याचे इन्क्विझिशन (चर्चचे धर्मन्यायालय), म्हणजे १५६० पासून १८१२ पर्यंतचा काळ, पुढच्या महिन्यात येतो. त्यावर मराठीत वाचण्याजोगे काय मिळेल, असे ती विचारत होती.