चॅपेल पुन्हा उपासनेला उघडताना

चि. मित्रास,
सप्रेम आशीर्वाद.

चॅपेलची चावी हाती आली म्हणून लगेच रंगाचे डबे आणू नकोस. चॅपेल कॅथलिक असेल तर आधी धर्मप्रांताच्या दप्तरात बघ: ते रीतसर लौकिक (म्हणजे उपासनेखेरीज इतर) वापराला दिलं होतं, की नुसतंच बंद पडलं? १९८३ च्या कॅनन लॉनुसार, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्यानुसार (कलम १२१२), वास्तूचा बराचसा भाग पडला किंवा ती कायमची दुसऱ्या कामाला लागली, तरच तिचा आशीर्वाद संपतो. धूळ साचून संपत नाही. आणि जागा लौकिक वापराला गेली तरी तेवढ्याने वेदीचं समर्पण जात नाही (कलम १२३८). म्हणून काम सुरू होण्याआधी वेदीला फळ्यांची पेटी ठोक. नाहीतर गवंडी थापी-घमेलं तिच्यावरच ठेवणार, ठरलेलं!

मग पाणी. छप्पर आणि पन्हळी आधी, भिंती नंतर. बाहेरची माती वर्षानुवर्षं चढत जाते. ती आतल्या फरशीपेक्षा निदान १५ सेंटिमीटर खाली आण, पण जपून. जुने पाये उथळ असतात, भिंतीलगत सलग चर खणलास तर भिंतच सरकेल.

चुन्यात बांधलेल्या दगडी भिंतीवर कुणी सिमेंटचा गिलावा केला असेल तर तो काढावाच लागतो. त्याने ओल आत कोंडते, क्षार फुलतात, शेवटी दगडाचे पापुद्रे सुटतात. काढण्याआधी दोन-तीन ठिकाणी तळहाताएवढी जागा हलक्या हाताने खरवडून पाहा. खाली जुनं भित्तिचित्र निघालं तर हात थांबव, जाणकाराला बोलाव. नवा गिलावा एक भाग चुना, तीन भाग खरखरीत वाळू; थर १० मिलिमीटरच्या आसपास. वर ओली गोणपाटं टाक, उन्हात भराभर वाळला की तडकतो. भिंत सुकायला ढोबळमानाने २५ मिलिमीटरला एक महिना धर. दोन फुटी भिंतीला दोन वर्षं सहज जातात. उद्घाटनाची तारीख आधी छापणारे इथेच फसतात. सफेदी दुधाइतकी पातळ, चार-पाच हात, दर वेळी भिंत भिजवून.

घंटेची तुळई सुताराने टोचून पाहिल्याशिवाय दोरी ओढू नकोस.

उपासनेच्या परवानगीआधी बिशप किंवा त्यांचा प्रतिनिधी जागा पाहून जातो (कलम १२२४). तोवर आत सामानाचा ढीग नको. पवित्र साक्रामेंत (मिस्सात, म्हणजे कॅथलिक उपासनाविधीत, पवित्र केलेली भाकर) तिथे ठेवायचं तर त्यासाठीची पेटी अचल, भक्कम, अपारदर्शक, कुलूपबंद लागते, आणि शक्यतो महिन्यातून दोनदा तिथे मिस्सा व्हावा लागतो. फादरांना तेवढं जमणार नसेल तर या पेटीचा विचार सध्या सोड.

तुझा,
एक जुना सहकारी