सोलो अडतो नेमका कुठे? : गिटार आणि स्टील गिटारबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ऑर्केस्ट्रात लीड गिटार वाजवतो. एका इंटरल्यूडमधली (गाण्याच्या मधल्या वाद्यांच्या तुकड्यातली) जलद तान १००च्या लयीत (मिनिटाला १०० मात्रा) स्वच्छ येते, मूळ लय १३२ आहे. मेट्रोनोम (ठरावीक लयीत ठोके देणारं यंत्र) दोन-दोनने वाढवत नेला, तरी ११६च्या पुढे हात गुंततो. कार्यक्रम तीन आठवड्यांवर आला आहे. (कोल्हापूर)

उत्तर : १३२च्या लयीत मात्रेला चार सूर म्हणजे सेकंदाला जवळजवळ नऊ. एवढ्या वेगात बहुधा डाव्या हाताची बोटं अडत नाहीत, उजव्या हातातला पिक (तार छेडायचा छोटा चपटा तुकडा) अडतो. तान कागदावर तारेप्रमाणे लिहून काढा : कोणत्या तारेवर किती सूर. जिथे एका तारेवर तीन सूर आहेत तिथे फटके पडतात खाली-वर-खाली. तिसऱ्या फटक्यानंतर पिक दोन तारांच्या मधे येऊन थांबतो. आता पुढच्या बारीक तारेवर वरचा फटका मारायचा, तर आधी ती तार ओलांडून पलीकडे जावं लागतं. ही उडी १००ला खपून जाते, १३२ला नाही.

चढत्या तानेत सोपा उपाय म्हणजे तोच खालचा फटका थेट पुढच्या तारेवर नेणं. उडी उरतच नाही. उतरत्या तानेत हिशेब उलटा : तारेवरचा शेवटचा फटका वरचा हवा आणि तोच पुढच्या जाड तारेवर न्यायचा. हे जमत नसेल तर बोटांच्या जागा बदलून प्रत्येक तारेवर दोन किंवा चार सूर येतील असं बसवा. मग तार बदलण्याआधीचा फटका कायम वरचाच राहतो. पिकचं टोक किंचित जाड तारांकडे वळवून धरलं, की वरच्या फटक्याच्या शेवटी पिक आपोआप तारांबाहेर निघतो.

मेट्रोनोमची दोन-दोन वाढ इथे कामाला येत नाही, कारण ठाय लयीत हाताची हालचालच वेगळी असते. ती कितीही घोटली तरी जलद लयीतली हालचाल होत नाही. त्याऐवजी पूर्ण १३२लाच फक्त पाच सूर वाजवा : एका मात्रेचे चार आणि पुढच्या ठोक्यावर एक. तिथे थांबा, हात सैल सोडा. सलग दहा वेळा साफ आले की आणखी एक मात्रा जोडा. सुरुवात तानेच्या शेवटच्या मात्रेपासून करून मागे मागे या, म्हणजे वाजवताना पुढचा भाग नेहमी जास्त घोटलेला असेल. शेवटचा आठवडा उभं राहून, पट्टा कार्यक्रमात असतो तेवढाच लांब ठेवून वाजवा. बसून बसवलेली तान उभ्याने मनगटाचा कोन बदलला की हमखास फिसकटते.

प्रश्न : रेकॉर्डवरचा सोलो सूर न् सूर तसाच वाजवावा का? (सोलापूर)

उत्तर : पहिली ओळ आणि गायकाला परत आणणारी शेवटची ओळ, या दोन जशाच्या तशा. श्रोते त्यांवरूनच पीस ओळखतात आणि गायकही शेवटच्या ओळीवरूनच उचलतो. मधली एखादी न बसलेली तान निम्म्या सुरांत पण लयीला पक्की वाजवलीत, तर ते फक्त तुमच्या शेजारच्या कीबोर्डवाल्याला कळेल.

प्रश्न : हवाईयन गिटार (म्हणजे स्टील गिटार; मांडीवर आडवी ठेवून तारांवर धातूचा बार सरकवत वाजवतात) वाजवतो. सहाव्या-सातव्या पडद्यापर्यंत (सुराची जागा दाखवणारी आडवी रेष) सूर बरोबर लागतो, बाराव्याच्या पुढे कणसूर होतो. ट्यूनरवर (सूर मोजणाऱ्या यंत्रावर) मोकळ्या तारा अगदी बरोबर दाखवतात. (सावंतवाडी)

उत्तर : साडेबावीस इंची स्केलच्या (तारेच्या वाजणाऱ्या लांबीच्या) वाद्यावर मोकळ्या तारेपासून पहिल्या पडद्यापर्यंत ३२ मिलिमीटर अंतर असतं, तर बाराव्यापासून तेराव्यापर्यंत १६. बार दोन मिलिमीटर चुकला तर दुसऱ्या पडद्यावर सूर सुमारे सात सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) सरकतो, बाराव्यावर बारा. म्हणजे चूक तेवढीच, शिक्षा दुपटीच्या जवळ.

त्यात दिसण्याचा घोळ. नेहमीचा सात अष्टमांश इंची गोल बार २२ मिलिमीटर जाड असतो, बाराव्या-तेराव्याच्या अंतरापेक्षाही रुंद. त्यामुळे पडद्याची रेष त्याच्याखाली पूर्ण झाकली जाते आणि आपण नकळत बारची कडा रेषेशी जुळवतो. तार टेकते ती बारच्या मध्यावर, कडेवर नव्हे. बारच्या गोल टोकाचा मध्यबिंदू रेषेवर धरायची सवय लावा आणि डोकं त्या जागेच्या सरळ वर आणा. मांडीवरचं वाद्य तिरकं बघितलं तर रेष सरकलेली दिसते. मग डोळे मिटून तपासा : बाराव्यावर आधी हार्मोनिक (तार न दाबता हलकेच शिवून छेडल्यावर निघणारा सूर) काढा, नंतर बार ठेवून तोच सूर. दोन्ही सूर एकसारखे ऐकू आले नाहीत तर बार चुकला आहे.

बार दाबू नका, त्याचं वजन पुरेसं असतं. दाबलेली तार ताणली जाते आणि सूर चढतो. कंपन सूर ठरल्यावरच सुरू करा आणि रेषेच्या दोन्ही बाजूंना सारखं ठेवा. बेसूरपण झाकायला कंपन वापरणारे पुष्कळ आहेत, पण कीबोर्डने तोच सूर धरला की ते उघडं पडतं. बारच्या मागे अनामिका आणि करंगळी तारांवर हलकी टेकलेली हवीत. ती उचलली गेली तर मागच्या तारांची कुरकुर मिसळते आणि चांगला सूरही घाण वाटतो.

मोकळ्या तारा ‘अगदी बरोबर’ असणं हेही एक कारण असू शकतं. ए मेजरमध्ये लावलेल्या वाद्यात सी शार्पची तार म्हणजे गंधार. ट्यूनरच्या शून्यावर लावलेला गंधार शुद्ध गंधारापेक्षा १४ सेंट चढा असतो. एकट्याने वाजवताना तो तेवढा उतरवा. कीबोर्ड सोबत असेल तर सहा-सात सेंटवर तडजोड करा.

प्रश्न : स्टीलवरचा पीस पांढरी तीनमध्ये, मोकळ्या तारांवर बसवला आहे. गायिका ऐनवेळी काळी दोन (अर्धा सूर खालची पट्टी) मागते. (नागपूर)

उत्तर : अर्धा सूर खाली जायचं असेल तर सगळ्या तारा अर्ध्या सुराने उतरवा आणि पीस तसाच वाजवा. एक सुरापर्यंत हे चालतं, त्याखाली तारा ढिल्या पडून बारखाली खरखरतात. वर जायचं असेल तर हा मार्ग नको, सगळ्यात बारीक तार तुटेल. उतरवलेल्या तारा थोडा वेळ सरकत राहतात, म्हणून हे साउंडचेकआधी करा आणि त्या पट्टीतली गाणी क्रमात लागोपाठ ठेवायला सांगा. गिटारवाल्याला वर जायला कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून पट्टी चढवणारा चिमटा) आहे, तुम्हाला बारच सरकवावा लागेल. मोकळ्या तारेवरून घेतलेल्या ओढी तेव्हा जातात, त्यांच्या जागी साधी मींड घ्या.

प्रश्न : इथल्या कंट्री बँडमध्ये वाजवतो. पेडल स्टीलवरचे (पायाने पेडल दाबून तारांचा सूर बदलता येणाऱ्या स्टील गिटारवरचे) सोलो सहा तारांच्या लॅप स्टीलवर (मांडीवरच्या, बिनपेडलच्या), सी सिक्स्थ ट्यूनिंगमध्ये (तारा लावण्याची एक पद्धत) कसे आणायचे? (न्यू जर्सी)

उत्तर : सगळा सोलो आणायला जाऊ नका, त्यातली हालचाल आणा. ई नाइन्थ ट्यूनिंगच्या पेडल स्टीलवर सगळ्यात जास्त ऐकू येणारी हालचाल ही : वर ई धरून ठेवलेला असतो आणि खालचा बी पहिल्या पेडलने सी शार्पवर चढतो. तुमच्या वाद्यावर बारीक तारेकडून क्रम ई, सी, ए, जी, ई, सी. चौथ्या पडद्यावर बार ठेवून दुसरी आणि चौथी तार एकत्र छेडा : ई आणि बी मिळतात. बार न हलवता दुसरी आणि तिसरी छेडा : ई आणि सी शार्प. सूर तेच आले, फक्त पेडलची घसरण नाही. ती हवी असेल तर चौथी तार बारच्या मागे अनामिकेने ओढून एक सूर चढवावी लागते. सुरुवातीला अर्ध्या सुराची ओढ साधा, ट्यूनर समोर ठेवून. बोट दुखायला लागलं की त्या दिवशी ओढ थांबवा आणि नुसत्या तारा बदलून वाजवा.