आई ६४, बाबा ६८. न्यूझीलंडमध्ये स्वतः गाडी चालवत फिरायचं आणि थोडे ट्रेक करायचे म्हणतात. जाऊ द्यावं का? कोणता ट्रेक झेपेल?

जाऊ द्या. त्यांनी तुमच्याकडे परवानगी मागितलेली दिसत नाही, तुम्हीच द्यायला निघालाय.

मी लिहायला बसले ती तुमच्या शेवटच्या ओळीमुळे. 'आईकडे लायसन्स आहे, पण ती गावातल्या गावातच चालवते, त्यामुळे सगळा भार बाबांवर.' का म्हणून बाबांवर? लायसन्स काय कपाटात ठेवायला काढलंय त्यांनी?

आम्ही साउथ आयलंडला गेलो तेव्हा हे सत्तरीला टेकलेले आणि मी साठी ओलांडलेली. ख्राइस्टचर्चला गाडी ताब्यात घेताना काउंटरवरच्या मुलीने विचारलं, दुसरा ड्रायव्हर आहे का? हे म्हणाले 'नो', मी म्हणाले 'येस', दोन्ही एकदमच. नाव वाढवायचे थोडे डॉलर जास्त पडत होते, तेवढ्यावरून ह्यांचं तोंड वाकडं. निघण्याआधी धाकट्या भावजींनी फोनवर बजावलंच होतं, "वहिनी, परदेशात रिस्क नको, दादालाच चालवू दे." हे तेच भावजी, जे गणपतीत कोकणात जाताना डोळे मिटायला लागले तरी स्टिअरिंग सोडत नाहीत.

तुम्ही ट्रेक विचारलाय, तर हूकर व्हॅली. माउंट कुकच्या पायथ्याशी आहे, जाऊन-येऊन १० किलोमीटर, चढ नावापुरता. वाटेत झुलते पूल, शेवटी हिमनदीचं तळं, त्यात तरंगणारे बर्फाचे तुकडे आणि समोर ३,७२४ मीटरचा माउंट कुक. साधारण तीन तास सांगतात, आपल्या वयाला थर्मासमधल्या चहासकट पाच धरा. आमचे हे जाताना तरण्या पोरांना मागे टाकत गेले. परतताना पुलापाशी उजवा गुडघा धरून बसले. पार्किंगपर्यंत येईतो गुडघा इतका सुजला की पँटचा पाय वर सरकेना. मुक्काम ट्वायझेलला, तासाभराचा रस्ता. ब्रेकचा पाय तोच, तरी म्हणतात, "बघतो, जमतंय का." मी हातातून किल्ली घेतली.

रस्ता पुकाकी तळ्याच्या काठाकाठाने जातो. हिमनदीने दळलेल्या दगडाची पूड पाण्यात मिसळते म्हणून ते पाणी दुधाळ निळं दिसतं. ह्यांनी ते पाहिलंच नाही, नजर स्पीडोमीटरवर. "अगं, शंभरची मर्यादा आहे." मी ऐंशीवर होते! मागे गाड्या साचल्या की जागा बघून डावीकडे घ्यायचं आणि त्यांना पुढे सोडायचं. तिथे तशी रीतच आहे, त्यात कमीपणा काही नाही.

गुडघा उतरायला वेळ लागला, त्यामुळे पुढे लिंडिस पास, वानाका, हास्ट हे सगळं माझ्याकडे आलं. हास्ट नदीवरचा पूल ७३२ मीटर लांब आणि एका वेळी एकच गाडी जाईल एवढा रुंद. मध्ये बाजूला घ्यायला जागा ठेवल्यात. आम्ही पुलावर असताना समोरून भलीमोठी कॅम्परव्हॅन आली. ह्यांचा पाय नसलेल्या ब्रेकवर. मी बाजूच्या जागेत गाडी घेतली, कॅम्परव्हॅनवाल्याने हात केला, मी हात केला. संध्याकाळी भावजींचा फोन आला तेव्हा हे आपणहून म्हणाले, "चालवते बरी." आमच्या घरात याला पद्मश्री समजतात.

असे एकेरी पूल तिकडे जागोजागी आहेत. लाल कडेची गोल पाटी आणि आपल्या दिशेचा बाण लहान व लाल असेल तर थांबायचं. निळ्या चौकोनी पाटीवर आपला बाण मोठा पांढरा असेल तर आपण आधी, तरी समोर बघूनच. गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात. भारतीय लायसन्स इंग्रजीत असलं की चालतं. लाडू-लोणचं नेणार असाल तर तिथे शिरताना भरायच्या फॉर्मवर लिहाच, न सांगता सापडलं तर ४०० डॉलर दंड. ट्रेकचे बूटही घासून न्या आणि तेही फॉर्मवर लिहा, चिखल त्यांना खपत नाही. अपघातात इजा झाली तर पर्यटकालाही तिथल्या सरकारी योजनेतून उपचारांना मदत मिळते, पण आजारपणाला नाही. म्हणून बीपी-शुगर न लपवता विमा काढा.

आता एवढं बोलले तर हेही सांगते. बाबांना रात्री समोरचे दिवे डोळ्यांवर येत असतील तर अंधार पडायच्या आत मुक्काम गाठायचा. दिवसाला दोनशे किलोमीटर पुष्कळ झाले, नकाशातल्या वेळेवर जाऊ नका, वळणं फार. हूकरच्या वाटेचा काही भाग कामासाठी बंद असतो कधीकधी, आधी चौकशी करा. आणि आईंना खरंच हायवेचा सराव नसेल तर थेट तिकडे हातात गाडी देऊ नका. जायच्या आधी दर रविवारी पुणे-सातारा चालवू दे, शेजारी तुम्ही बसा आणि गप्प बसा.

गाडीच्या करारात त्यांचं नाव मात्र पहिल्या दिवसापासून हवं, नाहीतर ऐन वेळी त्यांनी गाडी चालवली आणि काही झालं तर विमा हात वर करतो. बाबा म्हणतील, कशाला उगाच डॉलर? तेवढे पैसे तुम्ही भरा.