आजोबा माजी सैनिक होते. उत्तरकार्याला वाचायला त्यांचा जीवनपट कसा लिहावा?

तुम्ही लिहिलंय की तुमचे खानदेशातले आजोबा फौजेतून आल्यावर शेतीत राबले, नव्वदीत गेले आणि उत्तरकार्याला वाचायला दोन पानं हवी आहेत. हाताशी आठवडाभर आहे असं धरून सांगतो.

आधी त्यांची काळी ट्रंक पाहा. झाकणावर बहुधा पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव असतं. आत डिस्चार्ज बुक (फौजेतून सुटताना मिळालेली सेवेची नोंदवही) आणि पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा कागद, असेल. भरतीची तारीख, युनिट, शेवटचा हुद्दा यावरूनच घ्या, घरच्यांच्या आठवणीवर जाऊ नका. नायब सुभेदार होऊन आले असतील तर दोन नंबर दिसतील. बढतीनंतर ‘जेसी’ने (ज्युनिअर कमिशन्ड) सुरू होणारा वेगळा नंबर मिळतो. मूळ कागद छापखान्यात देऊ नका, झेरॉक्स द्या. आजींच्या कुटुंब निवृत्तीवेतनाला हेच लागतील. रेजिमेंटच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसला (मराठा लाइट इन्फंट्री असेल तर बेळगाव, महार रेजिमेंट असेल तर मध्य प्रदेशातलं सागर) पत्र जरूर टाका, पण उत्तर तेराव्याच्या आत येईल ही आशा नको.

चुका ठरावीक जागी होतात. जन्मतारीख १ जून असेल तर ती बहुतेक शाळेत मास्तरांनी टाकलेली. फक्त वर्ष लिहा. जुन्या कागदावरचा ‘पूर्व खानदेश’ म्हणजे आजचा जळगाव जिल्हा, ‘पश्चिम खानदेश’ म्हणजे धुळे. नंदुरबार १९९८ मध्ये वेगळा झाला, तेव्हा तिकडचं गाव असेल तर जुन्या नोंदीसाठी धुळ्याच्या सैनिक कल्याण कार्यालयातही विचारा. आणि ‘१५ वर्षं फौजेत’ ऐकून हिशोब बसत नसेल, तर त्यातली काही वर्षं राखीव यादीतली असू शकतात. त्या काळात माणूस घरी शेती करायचा आणि बोलावणं आलं की परत जायचा.

पदकं पुष्कळ सांगतात. १९७१ चं पश्चिमी स्टार असेल तर पश्चिम आघाडी, पूर्वी स्टार असेल तर पूर्व. नुसतं संग्राम मेडल त्या काळात सेवेत असलेल्या बहुतेकांना मिळालं, तेव्हा त्यावरून ‘सीमेवर लढले’ असं ठोकून देऊ नका. समर सेवा स्टार १९६५ चं. गोल पदकाच्या कडेवर नंबर आणि नाव कोरलेलं असतं, भिंग धरून वाचा. ब्रासोने घासू नका, अक्षरं झिजतात. फीत धुऊ नका, रंग उतरतो. पत्रं सापडली तर पत्त्यावर गाव दिसणार नाही, ‘५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’ (फौजेचं टपाल कार्यालय) असेल. ९९ असेल तर नेमणूक पूर्वेकडची असण्याची शक्यता जास्त.

आता खरा भाग. फौज १५-२० वर्षांची आणि नंतरचं आयुष्य त्याच्या दुपटीहून जास्त, पण जीवनपटात नेमकं उलट होतं: दीड पान फौज आणि शेवटी ‘कष्टाळू, मनमिळाऊ’. ती विशेषणं काढून टाका. विहीर कोणत्या वर्षी खोदली, किती हातांवर पाणी लागलं, कापूस कोणत्या जिनिंगला जायचा, भुसावळच्या नाहीतर वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत कामाला होते का, पोरींना कुठवर शिकवलं, हे लिहा. आजींना सन विचारू नका, सांगता येणार नाही. ‘बहात्तरच्या दुष्काळाच्या आधी की नंतर?’, ‘मोठ्या आत्याच्या लग्नाआधी?’ असं विचारा, वर्ष आपोआप निघतं. ते फौजेत असताना मनीऑर्डर कुणाच्या नावावर यायची, पेरणी कोण बघायचं, तेही विचारा. तो मजकूर आजींचा आहे आणि सहसा राहून जातो. आजोबांची एखादी अहिराणीतली खास ओळ असेल तर तशीच ठेवा.

साडेचारशे शब्द पुरेत, चार मिनिटांत वाचून होतात. त्याहून लांबलं तर मांडवात पंगतीची कुजबुज सुरू होते. छपाईला देण्याआधी मुली, सुना, जावई, नातसुनांची नावं मोठ्या आत्याकडून तपासून घ्या. पदकाचं नाव चुकलं तर कुणाच्या लक्षात येत नाही, जावयाचं सुटलं तर दर लग्नात ऐकावं लागतं.