‘व्हिक्टिमायझेशन’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न थोडक्यात असा: भाऊ इंग्लंडमध्ये लेस्टरच्या एका गोदामात कामाला. त्याने वंशभेदाची तक्रार केली आणि पुढच्या महिन्यापासून त्याचा ओव्हरटाइम बंद झाला. वकिलाच्या पत्रात याला ‘व्हिक्टिमायझेशन’ म्हटलंय. साताऱ्याच्या आईवडिलांना ते कसं समजवायचं? कोशात ‘बळी घेणे’ सापडलं.

‘बळी’ नकोच, आईच्या काळजात धस्स होईल. आपल्याकडे युनियनवाले हा शब्द भाषांतर न करताच वापरतात. महाराष्ट्राच्या 1971च्या अनुचित कामगार प्रथांच्या कायद्यातही तो आहे. पण तिथला अर्थ सैल. ब्रिटनच्या 2010च्या समानता कायद्यात तो नेमका आहे: भेदभावाची तक्रार केली, किंवा दुसऱ्याच्या तक्रारीत साक्ष दिली, म्हणून नुकसान करणं. मुळात भेदभाव झाला होता हे सिद्ध झालं नाही, तरी हा दावा उभा राहू शकतो. तक्रार खोटी आणि वाईट हेतूने केलेली नसावी, एवढंच.

‘डूख धरणे’, ‘उट्टे काढणे’, ‘सूड उगवणे’ हे तोंडात बसलेले आहेत, पण त्यांत एक खोड आहे. सूड म्हटला की मनातला राग सिद्ध करायचा आला. कायदा तो मागतच नाही. ‘नागराजन विरुद्ध लंडन रिजनल ट्रान्सपोर्ट’ या जुन्या कायद्याखालच्या 1999च्या निकालात हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च न्यायालय) हेच सांगितलं. आधी तक्रारी केलेल्या नागराजन यांना मुलाखतीत बोलण्याच्या सफाईसाठी अवघा 1 गुण मिळाला होता. गुण देणाऱ्याने जाणूनबुजून वचपा काढला हे दाखवायची गरज नाही. आधीच्या तक्रारींचा निर्णयावर लक्षणीय परिणाम झाला, तेवढं पुरे.

‘तक्रार भोवली’ मला आधी फार आवडलं होतं. पण भोवतो तो उद्धटपणा, भोवतं ते व्यसन. दोष जणू भावाचाच! ‘जाच’ म्हणावं तर सासू आठवते, आणि जाच रोजचा असतो. इथे एकदाच नाकारलेली बढतीही चालते.

माझं मत ‘तक्रारीपायी नुकसान’ला. ‘पायी’ हे शब्दयोगी अव्यय कारण दाखवतं, हेतूबद्दल काही बोलत नाही.

जाता जाता: भावाच्या मूळ तक्रारीत नुसतं ‘अन्याय झाला’ होतं, की तो वंशामुळे झाला हेही कळत होतं, ते बघा. नुसत्या अन्यायाच्या तक्रारीला हे कलम लागत नाही. आईला फोनवर मात्र बिनधास्त ‘साहेबाने डूख धरलाय’ सांगा.